बोंबलाचा वास की प्लगचा?

नेरूळहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. जरा आटोपशीर करून देतो:

"सिडकोच्या जुन्या इमारतीत एकटी राहते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. घरात गॅस आहे, पण मासे तळायला ड्राय बाल्कनीत दोन कॉइलची विजेची शेगडी ठेवली आहे, म्हणजे घरभर वास होत नाही. उघड्या तारेची नाही, काळ्या नळीचं वेटोळं असलेली. डावी कॉइल महिनाभर तापतच नाही. उजवी लावली की पावसाळा सुरू झाल्यापासून ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. चार दिवस ऊन पडलं की मुकाट चालते. प्लग तपकिरी झाला आहे. आमच्याकडे येणारा वायरमन म्हणतो, 'ईएलसीबी काढून टाकू, कटकट मिटेल.' पुण्याचा मुलगा म्हणतो, 'भंगारात टाक, इंडक्शन आहे ना घरात.' ते इंडक्शन लावावं तर ई-शून्य दाखवत टीं-टीं करत बसतं. मला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो, इस्त्रीची वायर मी स्वतः बदलते. शेगडी मी दुरुस्त करू का? आणि मुलाला काय सांगू?"

बाई,

गणिताच्या शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार? बाईच. उत्तर चुकलं तर हात पुढे करतो.

आधी वायरमनचं बघू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. तो पुन्हा आला तर चहा पाजा, पण ईएलसीबीला हात लावू देऊ नका. घरात येणाऱ्या फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ते यंत्र सतत तोलत असतं. दोन्हींत फरक पडला याचा अर्थ करंट तिसऱ्याच वाटेनं पळतो आहे. ती वाट शेगडीच्या पत्र्यातून अर्थिंगमध्ये जाणारी असेल, नाहीतर तुमच्या अंगातून जमिनीत जाणारी. घरात बसवतात तो बहुतेक 30 मिलीअँपिअरचा असतो. शेजारचा 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा गळतीला ढुंकूनही बघत नाही. वायर वाचवणं हे त्याचं काम, माणूस वाचवणं ईएलसीबीचं. ईएलसीबी काढला की शेगडी मस्त चालेल हे वायरमन खरंच सांगतो. गळती तशीच राहील, फक्त ती सांगणारं कुणी उरणार नाही.

आणि एक चांगली बातमी तुमच्याच पत्रात दडलेली आहे. शेगडीला कुणी हात लावलेला नसताना ईएलसीबी पडतो ना? मग गळलेल्या करंटला जमिनीत जायला वाट मिळते आहे, म्हणजे तुमच्या घरचं अर्थिंग बहुधा शाबूत आहे. जुन्या इमारतींत ते गंजून तुटलेलं किंवा रिनोव्हेशनमध्ये कुणीतरी कापून टाकलेलं सापडतं. तिथे शेगडीचा पत्रा गुपचूप करंट धरून बसतो आणि ईएलसीबी पडतो तो कुणीतरी पत्र्याला हात लावल्यावर. भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आल्या असतील तर हे पत्र इथेच बाजूला ठेवा, शेगडीचा प्लग काढा आणि परवानाधारक वायरमन बोलावून आधी अर्थिंग तपासून घ्या. ईएलसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबत जा. तो पडला म्हणजे यंत्र जागं आहे. अर्थिंग आहे की नाही, हे मात्र त्या बटणाला कळत नाही.

आता प्लग. खरं तर माझं सगळं उत्तर इथेच सुरू होतं. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानात शेगडी बगलेत मारून लोक येतात, "साहेब, हिची कॉइल गेली." शेगडी उघडावी तर ठणठणीत. मग मी म्हणतो, जरा प्लग दाखवा. प्लगच्या पिना निळ्या-काळ्या पडलेल्या, बॅकेलाइट करपलेलं. बिघाड घरी भिंतीत बसलेला असतो आणि शेगडी बिचारी रिक्षातून फिरत असते.

तुमच्या शेगडीचे वॅट तुम्ही लिहिले नाहीत. खालच्या पट्टीवर असतील, बघा. मी हिशेबाला एक कॉइल 1000 आणि दुसरी 1500 धरतो. दोन्ही लावल्या तर 2500 भागिले 230, म्हणजे जवळपास 10.9 अँपिअर. आणि प्लग तपकिरी झालाय म्हणता, त्यावरून मला दाट शंका आहे की जाड पिनांचा प्लग एका कन्व्हर्टरमध्ये खोचून तुम्ही तो दिव्या-पंख्याच्या 6 अँपिअरच्या पॉइंटला लावला आहे. अंदाज चुकला असेल तर माफ करा, पण सहसा चुकत नाही. तो पांढरा कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो, म्हणून लोकांना वाटतं की तो चालत असणार. तो फक्त पिनांचा आकार बदलतो. मागची वायर जेवढी बारीक होती तेवढीच राहते.

सैल पिनेपाशी किती उष्णता तयार होते ते तुम्हीच काढा. करंटचा वर्ग गुणिले रोध. सॉकेटची पट्टी ढिली पडून तिथे समजा एक दशांश ओहम रोध आला. 10.9 चा वर्ग 119, त्याचा दहावा भाग सुमारे 12 वॅट. खोलीत उजेड पाडणारा एलईडी बल्ब जेवढी वीज खातो तेवढी, लिंबाएवढ्या बंद प्लगमध्ये, सगळी उष्णतेच्या रूपात, मासे तळून होईपर्यंत. उष्णतेनं पट्टी आणखी ढिली होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते.

यातली खोच अशी की तापलेल्या प्लग-सॉकेटच्या प्लास्टिकला पुष्कळदा माशासारखा वास येतो. हे मी तुम्हाला चिडवायला म्हणत नाही. वायरमन मंडळींना हा वास चांगला ओळखीचा असतो. बाकीच्या घरांत तो आला की माणूस चमकतो, आज मासे आणलेले नाहीत, मग हे काय? तुमच्या बाल्कनीत मात्र कढईत बोंबील असताना तो कुणाला कळणार? म्हणून नाकाच्या भरवशावर राहू नका. शेगडी दहा मिनिटं चालवून बटण बंद करा, प्लग काढा आणि पिनांना न शिवता प्लगच्या पाठीला बोट लावून बघा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलायला झाले. नुसता नवा प्लग जुन्या जळक्या सॉकेटमध्ये घातला तर महिन्याभरात तोही तपकिरी होतो.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनसाठी 16 अँपिअरचा पॉइंट असेल तर शेगडी तिथे लावा. फक्त मशिन आणि शेगडी एका वेळी नको. पॉइंट नसेल तर त्या उत्साही वायरमनला हेच काम द्या: बोर्डापासून वेगळी, तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट आणि त्याला स्वतःचा एमसीबी. भिंतीतलं काम तुम्ही करू नका. तिथे काय कुठून फिरवलंय हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि मेन बंद करूनही कुठून तरी इन्व्हर्टरची वायर आलेली असते.

प्लग मात्र तुमचा तुम्ही बदला. इस्त्रीची वायर बदलणाऱ्या माणसाला यात शिकवण्यासारखं फार नाही, तरी दोन गोष्टी. इस्त्रीची कापडी वायर इथे चालणार नाही. ती हजारएक वॅटसाठी असते. शेगडीला दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची उष्णतारोधक वायर मागा. आणि प्लगमध्ये हिरवी तार बाकी दोघींपेक्षा जरा लांब ठेवा. कुणी वायर हिसकली तर तुटताना हिरवी सगळ्यांत शेवटी सुटायला हवी. वरची जाड पिन इतर दोघींपेक्षा लांब असते त्याचंही कारण तेच: लावताना अर्थिंग आधी जोडलं जातं, काढताना शेवटी सुटतं. जुन्या वायरीत लाल-काळा-हिरवा असतो, नव्यात तपकिरी-निळा-हिरवापिवळा. लाल किंवा तपकिरी तार एल लिहिलेल्या स्क्रूला, काळी किंवा निळी एन ला. वायर धरून ठेवणारी आतली पट्टी घट्ट आवळा. ती बिनमहत्त्वाची वाटते आणि कितीतरी प्लगांत कुणी आवळलेलीच नसते.

आता शेगडी उघडू. बटण बंद करून भागणार नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा. कारण कुणीतरी पॉइंट उलटा जोडलेला असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि कॉइलमध्ये फेज तशीच बसलेली असते. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. दिव्याचा टेस्टर इथे फार उपयोगाचा नाही. तो फेज आहे एवढं सांगतो, रोध मोजत नाही. शेगडी थंड झाली की उलटी करून खालचा पत्रा सोडवा आणि कुठल्याही तारेला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मी इतकी वर्षं हेच काम करतो, तरी फोटो काढतो.

डाव्या कॉइलच्या दोन टोकांपैकी एकावरची तार काढा आणि दोन टोकांमध्ये रोध मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: 52,900 भागिले 1000, म्हणजे 53 ओहमच्या आसपास. 1500 वॅटची असेल तर 35. दोन-तीन ओहमचा फरक मनावर घेऊ नका. मीटरनं काहीच दाखवलं नाही तर आतली नायक्रोमची तार तुटली आहे. ती कॉइल संपली, तिला जोड नाही, नवी घ्यायची. पण आकडा बरोबर आला, तर कॉइल निर्दोष आहे आणि चोर तिच्यापर्यंत येणाऱ्या वाटेवर आहे.

माझी पैज त्या वाटेवरच आहे. कॉइलच्या टोकाला तार जिथे बसते तिथलं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर दाबून बसवलेली धातूची टोपी, बघा. काळं पडलेलं, ढिलं, कधी नुसत्या सवयीनं टेकून राहिलेलं असतं. तुमची बाल्कनी तर खाडीच्या वाऱ्याची. तसं असेल तर जळका भाग मागे चकाकत्या तांब्यापर्यंत कापायचा, नवं थिंबल पकडीनं दाबून बसवायचं, कॉइलचं टोक पॉलिश पेपरनं घासून घट्ट आवळायचं. तार मुळातच कडक, ठिसूळ झाली असेल तर तेवढा तुकडा बदला. तिथे काचेच्या धाग्याचं आवरण असलेली तार लागते. साधी पीव्हीसीची वायर 70 अंशांपर्यंतच्या कामाची, कॉइलपाशी ती वितळून जाईल. काळी टेपही तशीच. आणि सोल्डर तर अजिबात नको. एका हुशार मुलानं मला कौतुकानं दाखवलं होतं, सर, मी डाग देऊन पक्कं केलंय. डाग 190 अंशांच्या आतबाहेर वितळतो. शेगडी तापली आणि त्याचं पक्कं काम थेंब होऊन तळाशी पडलं.

थिंबल चांगलं निघालं तर मग नॉबमागचा रेग्युलेटर. त्यात दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि चालू-बंद करत राहते. शेगडी मंद आचेवर असताना टिक-टिक आवाज येतो तो तिचाच. तिची टोकं जळतात. नॉब पूर्ण चालूवर ठेवून त्याच्या आतल्या-बाहेरच्या टोकांत रोध मोजा, जवळपास शून्य यायला हवा. नाही आला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा रेग्युलेटर. टोकं कानशीनं घासून तो चालू करणारे कारागीर आहेत, आठवडाभर चालतो.

उजव्या कॉइलचं दुखणं वेगळं आहे आणि ते तुम्ही स्वतःच शोधून दिलंय. चार दिवस ऊन पडलं की चालते, असं तुम्ही लिहिलंत ना, ते वाचल्यावर मला पुढचं वाचायची गरजच उरली नाही. त्या काळ्या नळीच्या मधोमध नायक्रोमची तार असते आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. भुकटी उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओल शोषून घेते. नळीच्या टोकांवरचं सील म्हातारं झालं की पावसाळी हवा आत शिरते, भुकटी दमट होते आणि तारेतला करंट नळीच्या पत्र्यात झिरपायला लागतो. तोच ईएलसीबीला दिसतो. 230 भागिले 0.03 करा: सुमारे साडेसात हजार ओहम. भुकटीचा रोध एवढा खाली आला की ईएलसीबी पडणारच, प्रत्यक्षात जरा आधीच पडतो. आणि नाव काय तर ड्राय बाल्कनी! जुलैत नवी मुंबईतल्या घरात तिच्याइतकी ओली जागा शोधून सापडणार नाही. वरून दोरीवर कपडे ठिबकत असतील ते वेगळंच. तेवढी दोरी मात्र शेगडीच्या डोक्यावरून आजच हलवा.

उपाय साधा आहे. उजवी कॉइल शेगडीतून सोडवून काढा. ओटीजी, म्हणजे केक भाजायची विजेची छोटी भट्टी, असेल तर रिकाम्या ओटीजीत 110-120 अंशांवर तासदीड तास ठेवा. नुसती कॉइल, तिच्याबरोबर वायर, प्लास्टिक, रबर काही नको. ओटीजी नसेल तर घरातल्या कोरड्या खोलीत पंख्याखाली चार-सहा दिवस. मग थंड झाल्यावर मीटर सर्वांत मोठ्या रोधावर लावून कॉइलचं एक टोक आणि नळीचा बाहेरचा पत्रा यांच्यात मोजा. मीटरनं काहीही दाखवता कामा नये. इथे एक कबुली देतो: मीटर मोजतो दोन-चार व्होल्टवर, कॉइल चालते 230 वर. त्यामुळे मीटरनं नापास केलं तर कॉइल नक्की नापास, पण मीटरनं पास केलं म्हणजे नक्की पास असं नाही. खरी परीक्षा 500 व्होल्टवर रोध मोजणाऱ्या मेगरची, तो वायरमनकडे असतो. तुमच्याकडे मेगर नाही, पण ईएलसीबी आहे, तो शेवटची परीक्षा घेईल. म्हणूनही तो जागेवर हवा.

वाळवल्यावर चालली तर या पावसाळ्यापुरती शेगडी घरात आणून ठेवा आणि तळायच्या वेळी बाहेर न्या. महिन्याभरात पुन्हा पडू लागली तर सील गेलंय, कॉइल बदला. जुनी कॉइल हातात घेऊन दुकानात जा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा तुमच्या जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वॅट, व्यास आणि टोकांमधलं अंतर जुळवून मिळते. फोनवर "गोल असते ती" सांगून मागवलेली कधीच बसत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण उघड्या तारेच्या शेगडीबद्दल दर महिन्याला कुणीतरी विचारतं, म्हणून इथेच उरकतो. तार तुटली, दोन टोकं पिळून जोडली, चालते की, मग बिघडलं काय? माझी आजी चरईत राहायची आणि तिच्या शेगडीच्या तारेला असे जोड असायचे. जोडापाशी तार जास्त लाल व्हायची आणि तिथेच पुन्हा तुटायची. प्रत्येक वेळी दोन-चार वेटोळी कमी व्हायची. तार दहा टक्के आखूड झाली की रोध तेवढा कमी आणि वॅट अकरा टक्के जास्त. आजी म्हणायची, हल्ली शेगडी चांगली तापते. मग एकदा दूध उतू गेलं. दुधात क्षार असतात, ते वीज वाहतं. तार, दूध, ॲल्युमिनियमचं पातेलं, पळी आणि आजीचा हात अशी साखळी झाली. ती भिंतीवर जाऊन आपटली, वाचली, आणि शेगडी माळ्यावर गेली ती गेलीच. अशी शेगडी अजूनही विकली जाते. स्वस्त आहे म्हणून तिच्याकडे वळू नका. तुमची बंद नळीची आहे ती शतपटीनं बरी.

आता इंडक्शन. ई-शून्य म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या इंडक्शनमध्ये "भांडं सापडत नाही". कोडचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत खात्री करा. फ्रिजवरचं लोहचुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नाही चालणार, आणि स्टीलची भांडीसुद्धा सगळी चालत नाहीत. बिडाचा तवा छान चालतो. बूड फुगून गोल झालेलं असेल किंवा भांडं फारच लहान असेल तरी तेच टीं-टीं. चुंबक चिकटणारं, सपाट बुडाचं भांडं ठेवूनही ई-शून्यच आलं तर बिघाड आत आहे आणि तिथे तुम्ही जाऊ नका. बाई, स्क्रू ड्रायव्हर धरता येतो म्हणून सांगतोय. आत 230 व्होल्टचं डीसी होऊन सव्वातीनशेच्या घरात जातं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते काही काळ धरून बसतो. शिवाय आतला फ्यूज उडालेला दिसला की माणसाला वाटतं, सापडलं! फ्यूज बदलतो, लावतो, फट्! कारण फ्यूज आपणहून जात नाही. बहुतेक वेळा आयजीबीटी, म्हणजे आत वीज झपाट्यानं चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट होऊन त्याला घेऊन जातो. आयजीबीटी मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, पण तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणं म्हणजे त्यालाही मारणं. पंखा तेलकट धुळीनं जाम झालेला असतो, नाहीतर सर्किटवर झुरळाचं बिऱ्हाड असतं. तुमच्या हातातलं काम एवढंच की प्लग काढून खालच्या जाळीची धूळ कोरड्या ब्रशनं काढायची, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायचं, आणि काचेला केसाएवढी जरी चीर गेली असेल तरी वापर थांबवायचा. उतू गेलेलं पाणी त्या चिरेतून थेट आत पोचतं.

मुलाला काय सांगायचं? तो लांब आहे, त्याला रात्री फोन करून "आई, शेगडी बंद केलीस ना" विचारावं लागतं, म्हणून तो भंगार म्हणतो. त्याला शेगडीचा राग नाही, काळजी आहे. वाद घालू नका. त्याला सांगा की प्लग, वायर, थिंबल आणि कॉइल मी बघते. पॉइंट आणि अर्थिंग वायरमन बघेल. इंडक्शन मेकॅनिककडे जाईल. आणि दोन्ही कॉइल गेलेल्या निघाल्या, शिवाय खालचा पत्रा गंजून अर्थिंगचा स्क्रूच धरत नसेल, तर तो म्हणतो तेच करा. ज्या पत्र्यावर हिरवी तार टिकत नाही ती शेगडी मीसुद्धा दुकानात ठेवून घेत नाही.

सगळं जोडून झालं की पत्रा लावण्याआधी एक शेवटचं मोजमाप: प्लगची जाड पिन आणि शेगडीचा उघडा पत्रा, मध्ये रोध एक ओहमच्या खाली हवा. पत्रा रंगवलेला असेल तर जरा खरवडून मोजा, रंग वीज अडवतो. पहिल्या दिवशी मासे नकोत, पातेलंभर पाणी ठेवा. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, आधी डावी एकटी, मग उजवी एकटी, मग दोन्ही. दहा मिनिटांनी बंद करून प्लगच्या पाठीला बोट लावा आणि काय लागलं ते मला कळवा. कढईत काही नाही त्या दिवशी, म्हणजे माशाचा वास आला तर तो कुठून आला हे विचारायला नको. तडक मेन पाडा.

आणि तो कन्व्हर्टर कुणाला देऊ नका, मोडून टाका. कामवाली मावशी मागेल, तरीही.